छापून आलेली माणसं

नाशिक, एप्रिल १९८४

प्रिय मंगळू,

तुझं अभिनंदनाचं पत्र काल मिळालं आणि माझं डोकंच फिरलं. ‘आपल्या पाड्याचं नाव काढलंस’ असं दोनदा लिहिलंयस, वर कात्रण आश्रमशाळेच्या फळ्यावर लावल्याचंही कळवलंयस. लेका, मास्तर झालास तरी लेखाखालचं नाव तेवढं वाचलंस, लेख वाचला नाहीस का? रागावू नकोस. राग तुझ्यावर नाही, पण तो काढायला सध्या दुसरं कुणी सापडत नाही. ऑफिसात मी कनिष्ठ लिपिक, तिथं कुणावर काढणार?

तुला ठाऊक आहे, ऑफिस सुटलं की सायकल काढायची आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचं, हे माझं तीन वर्षं चाललंय. रविवारची पुरवणी गायधनी सर बघतात. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण आहे. वाईट असते तर कधीच सोडून आलो असतो. आपल्याकडच्या रस्त्यावर मी पहिला लेख लिहून नेला, तेव्हा त्यांनी वरचं पान वाचलं आणि फाडून टोपलीत टाकलं. म्हणाले, “लेख दुसऱ्या पानापासून सुरू होतोय. पहिल्या पानावर तू नुसता घसा साफ करतोयस.” खोलीवर येऊन पाहिलं तर खरंच तसं होतं! असा संताप आला म्हणून सांगू. ‘भीषण’, ‘विदारक’ हे माझे लाडके शब्द त्यांनी लाल पेनानं एकेक करून मारले. “भीषण म्हणू नकोस. मला भीती वाटेल असं काहीतरी दाखव.” लेखात माणूस आणला की विचारत, यात तुझं मत कुठं आहे? मत मांडलं की विचारत, माणूस कुठं गेला? दोन्ही घालून नेलं तर फार लांबलंय म्हणत. पण शिकलो मी त्यांच्याकडूनच, हे नाकबूल कसं करू? सटाण्याच्या कांदा बाजारावरचा लेख त्यांनी एक शब्द न बदलता छापला. त्यात शेतकऱ्यांबद्दल ‘ते’ लिहिताना माझंही काही अडलं नाही. मी कुठं कांदा पिकवतो?

मग हा लेख. जानेवारीत रजा काढून मी आईबरोबर द्राक्षबागेवर गेलो होतो, घड विरळायच्या कामाला. कॉलेजात असताना सुट्टीत जायचो तसाच. आमची आई मजुरांच्या नाक्यावर कशी असते ते तू पाहिलंयस. ट्रॅक्टर येऊन थांबतो, बाकीच्या टोळ्या धावतात, आणि आमची झुंबरबाई गाठोड्यावर बसून राहते. बागवाल्याला स्वतःपाशी यायला लावते. “पानी कोठून आनायचा? निजायचा कोठं? नि शिमग्याला घरी सोडशील का नाय, ता आधी सांग.” तो हसला की ही हसत नाही. तो चिडला की मात्र हसते. बागवाले तिला वकिलीणबाई म्हणतात. यंदा तिनं त्या माणसाला झोपडीवर घालायला ताडपत्री द्यायला लावली, तेव्हाच टोळी ट्रॅक्टरवर चढली. संध्याकाळी चुलीपुढं तिनं त्याची अशी हुबेहूब नक्कल केली की हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं.

हे सगळं मी लिहिलं. आम्ही नाक्यावर उभे राहतो, आम्ही ट्रॅक्टरवर चढतो, आमचं म्हणणं असं आहे. मत होतं, माणूस होता, पहिलं पान मी स्वतःच फाडून टाकलं होतं. सरांनी वाचलं आणि चष्मा काढला. मला वाटलं, आता पाठ थोपटणार. ते म्हणाले, “हे आम्ही म्हणजे कोण?” म्हटलं, आम्ही म्हणजे आम्ही. तर म्हणाले, “अरे, तू नोकरीवाला माणूस. वाचकाला वाटेल मजुरानंच लिहिलंय. लेखकानं जरा लांब उभं राहून बघायचं असतं. आम्ही-आम्ही करायचं तर वाचकांच्या पत्रांत कर.” मी हुज्जत घातली. सर, नगरपालिकेच्या नळांवर लिहिताना तुम्ही ‘आपण नाशिककर’ लिहिता, तेव्हा किती लांब उभे असता, असंही विचारलं. ते हसले, चहा मागवला आणि “बघू” म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे काय ते मला रविवारी कळलं.

प्रत्येक ‘आम्ही’च्या जागी ‘ही भोळीभाबडी माणसं’. ताडपत्रीचा सगळा मजकूर जागेअभावी गेला. आईचे प्रश्न गेले, तिची नक्कल गेली. आणि शेवटी, ज्या माणसानं मला तीन वर्षं विशेषणं गाळायला शिकवलं, त्यानं स्वतःच्या हातानं जोडलं: ‘त्यांच्या मुक्या डोळ्यांतली विदारक वेदना कोण वाचणार?’ विदारक! मंगळू, आपल्या आख्ख्या पाड्यात आईएवढं कुणी बोलतं का रे?

सोमवारी भांडायचं ठरवूनच गेलो. सर एवढे खूश होते की मला बोलूच देईनात. सकाळपासून लोकांचे फोन येतायत, एका प्राचार्यांचाही आला, अशीच मालिका कर, महिन्यातून दोनदा, तुझ्या फोटोसकट. त्यांच्या बोलण्याची गाडी थांबल्यावर मी म्हटलं, करतो, पण ‘आम्ही’ कापायचं नाही. ते म्हणाले, “शनिवारपर्यंत विचार कर. अशी संधी पुन्हा येत नाही.” मला ती संधी हवी आहे, तुझ्यापासून काय लपवू? दोन दिवस मनाशी म्हणत होतो, शब्दच तर आहे एक, छापून तर येतंय, हळूहळू बदलू.

पण काल तुझं पत्र आलं. तुझ्या सहीखाली तू गंमत म्हणून दोन ओळी लिहिल्यायस, त्यांनी मला रात्रभर झोपू दिलं नाही. ओट्यावर सगळ्यांना लेख वाचून दाखवलास, आई अगदी लक्ष देऊन ऐकत होती, आणि शेवटी तिनं तुला विचारलं, “कोठली रं ही मानसं? बिचारी. आपले कनगीत थोडी नागली हाय, देऊ का त्याहांला?” तुला हसू आलं, मला नाही आलं. शनिवारी मी सरांना काय सांगणार ते आता ठरलंय; मालिका जाईल, जाऊ दे. सोबत माझ्या हस्ताक्षरातला मूळ लेख पाठवतोय. फळ्यावर लावू नकोस. आमच्या घरी जा, आईपाशी बस आणि तो सावकाश वाचून दाखव. ती तुला मध्येच थांबवून “असा नाय झाला” म्हणाली, तर तिचंच खरं धर आणि ती काय म्हणाली ते मला लिही.

तुझाच,
यादव