कडावच्या केंद्राचा पाऊण तास

प्रिय रुबीनाआपा,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत मी काही लिहिलं नाही. ऑफिसमधल्या शोकसभेतही दोन वाक्यं बोलून खाली बसले, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. आज लिहायला बसले कारण सोमवारी एक अहवाल दूध संघाकडे जायचा आहे. त्यात एका चुकीखाली तुमचं नाव आहे. चूक मी केली आहे. निदान मला तरी तसं वाटतं. नक्की काय ते मलाच कळेनासं झालंय.

आधी एक बातमी. एप्रिलमध्ये माझ्या पदातला ‘ज्युनिअर’ हा शब्द गेला. सरांनी केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं. आईने पोशीरमध्ये आमच्या आळीत पेढे वाटले. मला मात्र आनंद झाला की नाही ते समजलं नाही. मी तयार झाले म्हणून वर गेले, की तुमची खुर्ची रिकामी झाली म्हणून? तुम्हीच सांगितलं असतंत. तोंडावर सांगितलं असतंत!

काम तेच आहे, पण बोलणं बदललं. आधी सर म्हणायचे, “मनीषा, हे असं कर.” आता म्हणतात, “तू बघून घे.” काय बघून घ्यायचं ते कोणी सांगत नाही. नवीन मुलं माझ्याकडे कोड तपासायला पाठवतात, आणि माझं तपासायला कोणी नाही.

तुमचा नियम आठवतो. मी खुर्ची वळवली की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “अर्धा तास स्वतः डोकं चालव. मग विचार.” एकदा मी तेराव्या मिनिटाला विचारलं, तर तुम्ही घड्याळ दाखवून म्हणालात, “अगं, सतरा मिनिटं बाकी हायत तुझी.” सगळे हसले. मला राग आला होता, तेव्हा बोलले नाही.

मे महिन्यात दूध संघासाठी आपण केलेली दूध संकलनाची जुनी संगणकप्रणाली नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यात तुम्ही लिहिलेल्या कोडच्या दोन ओळी सापडल्या. सगळ्या केंद्रांवर सकाळची नोंद साडेआठला बंद होते. फक्त कडावच्या केंद्राला, आणि तेही जून ते सप्टेंबर, पाऊण तास जास्त. का? शेजारी एक शब्द लिहिलेला नव्हता. मी तुमच्या नियमाप्रमाणे अर्धा तास विचार केला. काही सुचलं नाही. जुनी तात्पुरती सोय असेल, काढायची राहून गेली असेल, असं ठरवून मी त्या ओळी काढून टाकल्या.

आपा, मी कडावला एक फोन करू शकले असते. केंद्राचे सचिव मोरेश्वरकाका दोन मिनिटांत सांगतील हे मला माहीत होतं. तरी केला नाही. विचारलं तर मी अजून ज्युनिअरच आहे असं दिसेल, असं मनात आलं. आता मी ठरवायचं असतं ना? म्हणून ठरवलं.

जुलैत नवी प्रणाली केंद्रांवर सुरू झाली आणि चार दिवसांनी मोरेश्वरकाकांचा फोन आला. “ताई, तुमचं मशीन साडेआठनंतर दूधच घेत नाय. वाडीच्या बाया परत चालल्यात.”

मी विचारलं, “कधीपासून?”

“चार दिस झालं.”

“मग चार दिवस फोन का नाही केलात, काका?”

“मला वाटलं, वरनं नवीन नियम आला आसंल. कंपूटर नाय म्हनतो म्हटल्यावर आमी कुनाला इचारायचं?”

मी त्याच दिवशी दुरुस्ती केली आणि दुसऱ्या सकाळी स्कूटरने कडावला गेले. नऊ वाजता डोंगराकडच्या ठाकूरवाडीच्या पाच बायका किटल्या घेऊन आल्या. पावसाळ्यात मधला ओढा भरतो, मग त्यांना पुलावरून वळसा पडतो. एवढंच कारण होतं. केंद्रावरच्या प्रत्येकाला माहीत असलेलं. त्यांच्यातल्या यमुनाबाई मला म्हणाल्या, “चार दिस दूध माघारी नेलं. पोरांना पाजलं, शेजाऱ्यांना दिलं, उरलं ते नासलं. येवढं डोईवर आनून परत न्यायचं, कसं वाटतं गं?”

“माझ्याकडून झालं,” मी म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “ती चष्म्यावाली बाय नाय आली? ती आमच्यासंगं पार ओढ्यापत्तूर आली व्हती. चप्पल व्हाऊन गेली तिची! आमी हसलो, तर तीबी हसली. अनवाणीच गेली मंग.”

तुम्ही! खालापूरहून ऑफिसला येताना चिखल लागला तर दिवसभर कुरकुरणाऱ्या तुम्ही ओढ्यापर्यंत चालत गेलात? आणि मला कधी बोलला नाहीत? तीन वर्षं शेजारी बसले मी.

तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ते मला सांगावं लागलं. यमुनाबाई किटली खाली ठेवून म्हणाल्या, “पोरं हायत का तिला?” मी म्हटलं, एक मुलगी आहे, बारावीला. त्यांनी किटली परत उचलली आणि म्हणाल्या, “आन् मशीन उद्याबी घेईल ना?”

मी हो म्हणाले. घेतंय आता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शुक्रवारी बैठक झाली. सर चिडले नाहीत. म्हणाले, “रुबीनाची सवयच होती, सगळं डोक्यात ठेवायचं. अहवालात लिहूया, रुबीना यांनी जुन्या कोडमध्ये कारण नोंदवलं नव्हतं, त्यामुळे गैरसमज झाला. मनीषा, तुझ्यावर काही येत नाही.” सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

मान का हलवली, हे तेव्हापासून स्वतःला विचारतेय. भीती वाटली का? की सर खरंच बोलले म्हणून? कारण खोटं तर ते बोलले नाहीत ना, आपा! तुम्ही लिहून ठेवलं नव्हतंत. एक ओळ पुरली असती. पावसात ओढ्यापर्यंत जायला वेळ मिळाला आणि एक ओळ लिहायला मिळाला नाही? की तुम्हाला वाटलं, मनीषा आहे, तिला सांगू कधीतरी? तुमच्यावर रागवावं की स्वतःवर, हे कळत नाही. गेलेल्या माणसावर रागावतात का, तेही माहीत नाही. मी रागावले आहे.

कधी वाटतं, तुमची बाजू घेतली पाहिजे. मग वाटतं, तुमची बाजू घेण्याच्या नावाखाली मी स्वतःला चांगली ठरवतेय. कोणाला विचारू? तुम्ही असतात तर या वेळी घड्याळ दाखवलं असतंत का?

एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट मात्र ठरली. ओळी तुमच्या होत्या, पण काढल्या मी, आणि फोन न करायचं मी ठरवलं. सोमवारी सकाळी अहवाल जायच्या आधी मी सरांच्या केबिनमध्ये जाईन आणि हे सांगेन. अहवालात माझं नाव घालून घेईन. तुमच्याबद्दलचं वाक्य मात्र खोडणार नाही, कारण ते खरं आहे. त्याच्या खाली अजून एक वाक्य लिहीन, की ही सवलत देण्याआधी रुबीनाआपा स्वतः ओढ्यापर्यंत चालत गेल्या होत्या. दूध संघाला त्याचं काय करायचं ते करू दे.

तुमची,
मनीषा