दुखतंय म्हणायची मुभा

सिस्टर, नात आत्ता झोपली आहे आणि सून तिच्या उशाशी बसल्या बसल्याच पेंगते आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. सोलापूरच्या बोर्डिंगमध्ये आजारी मुलींच्या खोलीत तुम्ही खुर्ची टाकून विणत बसायचात, आणि आम्हाला वाटायचं, या बाईला माया कशी ती नाहीच. हल्ली सोलापूरला सारखं जावं लागतं. शाळेकडं जाणारा रस्ता दिसतो, पण आमची गाडी दवाखान्याकडं वळते. माझी नात पाच वर्षांची आहे. तिला रक्ताचा कॅन्सर झालाय.

लोहाऱ्याहून सकाळी निघतो. जळकोटला हायवे लागला की ती आईच्या मांडीवर झोपते, मुलगा गाडी चालवतो आणि मी डबा, टॉवेल आणि उलटीसाठीचं भांडं सांभाळत बसते. किमो झाली की काही दिवस घरी. घरी पाणी उकळायचं, अन्न ताजं शिजवायचं, आल्यागेल्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं, आणि सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. ताप आला तर घरचं औषध न देता तडक इकडं या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा साधा तापसुद्धा मुलाला घेऊन जातो.

पोर मात्र रडायची नाही. ढोकीहून माझी जाऊ भेटायला आली, ती पदर तोंडाला लावून दारातच उभी राहिली. म्हणाली, "लई धीराची हाय बाई. आमच्या ह्यांना डॉक्टरनं सुई नुसती दाखवली तर खुर्चीतच आडवे झाले, अन् हे एवढंसं लेकरू चूं करत न्हाय." नात हसली, आम्हीही हसलो, कितीतरी दिवसांनी. दवाखान्यातल्या नर्स तिला शहाणी म्हणायच्या, तिचे वडील वाघ म्हणायचे, मी गुणाची बाई म्हणायचे. खरं म्हणजे ती रडली नाही की आमचाच दिवस जरा हलका जायचा, म्हणून ते कौतुक.

मग एका सकाळी मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस उरलेले नाहीत, त्यामुळं हाताला लगेच कळतं. डोकं तापलं होतं. थर्मामीटर तर आत्ताच लावला होता आणि ताप नव्हता. पुन्हा लावू म्हटलं तर ती दंड अंगाला चिकटवेना. नीट बघितलं तेव्हा दिसलं, थर्मामीटरचं टोक काखेत नव्हतंच. तिनं ते फ्रॉकच्या बाहीत अडकवून धरलं होतं.

"असं कधीपासून करतेस गं?"

"आज्जी, आईला सांगू नको. ताप आला की आई बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून रडते. मला ऐकू येतं."

मी तिचा हात धरून पुन्हा ताप बघितला. एकशे दोन. तिच्या आईला सांगावंच लागलं.  सोलापूर येईपर्यंत गाडीत नात माझ्याकडं बघत नव्हती. डॉक्टरांनी तिला लगेच आत घेतलं, सलाईन लावलं आणि म्हणाले, वेळेत आणलंत, संध्याकाळ केली असती तर मला काही सांगता आलं नसतं. बाहेरच्या बाकड्यावर मी सुनेला नळाचं सांगितलं. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्या, नळाचा आवाज मोठा असतो म्हणून तर..." मुलगा खाली बघत म्हणाला, "तरीच टाकी संपायची." ती हसली, आणि हसता हसता तिथंच सगळ्यांसमोर मोठ्यानं रडली. आम्ही तिला रडू दिलं.

त्या बाकड्यावर तुम्ही आठवलात. बोर्डिंगमध्ये माझ्या मैत्रिणीला टायफॉइड झाला होता आणि मी तिच्या कॉटपाशी बसून मुसमुसत होते. तुम्ही माझ्या दंडाला धरून मला व्हरांड्यात आणलंत. तुमचं मराठी मंगळूरकडचं, एकेक शब्द वेगळा ठेवल्यासारखं. "रडायचं तर बागेत जा. ती आजारी आहे. आता तुझी समजूत पण तिनंच काढायची का?" मग आत जाऊन तिला म्हणालात, "दुखतंय? ओरड. मी इथंच आहे." ती ओरडली, आणि तुम्ही विणत राहिलात. मी दारातून बघतेय, मला तुमचा भयंकर राग आलाय. तुमचे हात थांबत कसे नाहीत, तेच मला कळत नाही.

घरी आल्यावर मी नातीला सांगितलं, दुखलं की सांगायचं, रडू आलं तर रडायचं, कुणी काही म्हणणार नाही. तिचा विश्वास बसला नाही. मग एकदा अगदी हळू म्हणाली, "पाय दुखतात," आणि लगेच माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. मी पाय चेपत राहिले. चेहरा हलू दिला नाही. सिस्टर, स्वयंपाक, धुणी, दवाखान्याच्या खेपा, यातलं काही इतकं दमवत नाही. सून आता रडू आलं की शेजारणीकडं जाते आणि चहा पिऊन येते.

आता नात दिवसभर सांगते. पाय दुखतात, पाणी कडू लागतं, गादी टोचते, टीव्हीतली बाई फार बोलते, आज्जीच्या हाताला लसणाचा वास येतो. ताप आला तर स्वतःच हाक मारते. उपचार अजून पुष्कळ बाकी आहेत, आणि पुढचं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. काल दुपारी तिनं मला पुन्हा ताटावरून उठवलं. मी गेले, बसले, ऐकलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहिते. परत येऊन गार भात कालवताना मनात आलं, ही गप्प असायची तेव्हा मी निदान गरम जेवत होते.