चेहरा मात्र तिचाच

दि. ३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोन करणारी मी एकदम कागदावर कशी आले, असं वाटेल तुला. मोबाइल हातात घ्यायचीच शिसारी आलीय, म्हणून. परवा आमची भिंगरी स्वतःहून माझ्याकडे आली आणि तिने मोबाइल पुढे केला. कुणा अनोळखी माणसाने तिचाच फोटो तिला पाठवलाय, नको तसला. आणखी फोटो पाठव, नाहीतर हा सगळ्या वर्गाला दाखवीन, असं खाली लिहिलंय.

ती म्हणते, मी असा फोटो काढलेलाच नाही. ह्यांनी मोबाइल काढून घेतला, शाळाही बंद केली. मला काहीच उमजत नाही. बारा वर्षांची पोर इतकं खोटं बोलेल असं वाटत नाही, पण ताई, चेहरा तर तिचाच आहे. डोळे बारीक केलेले, ओठ एका बाजूला दाबलेले, अगदी मजेत असल्यासारखी. ते पाहून माझा हात उठला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. दवाखान्यात कामावर आज माझ्याकडून दोन पेशंटच्या केसपेपरांची अदलाबदल झाली. तूच सांग, मी कशावर विश्वास ठेवू?

लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.

तुझी धाकटी


दि. ७ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि शिलाई मशीन बंद करून बसले. पोरीवर हात उचललास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पण तुला बोलायला मला तोंड नाही, ते आता सांगते.

ओठ एका बाजूला दाबलेले, असं लिहिलंस ना? सुट्टीत माझ्या दुकानात ही ठमाबाई माझ्यासारख्याच टाचण्या ओठांत धरून गणवेशाला दुमड घालायला बसायची. तसा मी तिचा फोटो काढला आणि आमची नवी कारागीर म्हणून दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. तिला विचारलंही नाही. तो चेहरा तिथूनच उचललाय गं. टाचण्या पुसल्या, तोंड तसंच राहिलं.

वर्दी शिवायला येणाऱ्या पोलीसबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एआयला कुणाचाही साधा चेहरा दिला की बाकीचं खोटं ते रचतं. चित्र खोटं असलं तरी गुन्हा खराच. त्या माणसाला उत्तर देऊ नका, काही पुसू नका, तो फोटो कुणालाही पाठवू नका, मोबाइल घेऊन थेट सायबर पोलिसांकडे जा. मला यातलं अर्धंच कळलं, पण तू तसंच कर. मी पानावरचे गिऱ्हाइकांच्या सगळ्या पोरांचे फोटो काढून टाकले. आता चौदा घरी जाऊन सांगायचंय. कुठल्या तोंडाने सांगू, कळत नाही.

आधी भिंगरीला जवळ घे. माझ्यावरचा लोभ कमी झाला, तरी समजून घेईन.

तुझी ताई


दि. १५ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (असंच लिहायचं असतं म्हणे.)

तक्रार झाली. तिथल्या मॅडमनी मला पाणी दिलं आणि बाबांना बाहेर बसायला सांगितलं. तो माणूस अजून सापडलेला नाही. मी परत शाळेत जाते. तुझ्यावर मी रागावलेय, पण थोडीच. पुढच्या वेळी मला विचार.

तुझं पत्र वाचून आई खूप रडली. म्हणाली, आता माझा विश्वास बसला. मी तर पहिल्याच दिवशी तेच सांगितलं होतं. मी सांगितलं तेव्हा ते खोटं आणि तू लिहिलंस तेव्हा खरं, असं कसं? आईला विचारलं, तर ती माझ्या वेण्या परत घालायला लागली.

आज डबा खाताना माझ्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितलं, तिलाही तिच्या चेहऱ्याचा तसाच फोटो आलाय. ती विचारते, आईला सांगू का. मी अजून हो म्हटलेलं नाही. पाकीट आई चिकटवणार आहे, म्हणजे ती हे वाचेलच. वाचू दे.

मी रागावलेली असले, तरी तुझा लोभ असू दे.

तुझी भिंगरी