सर्वानुमते

बाबा, खाणीच्या खालच्या अंगाला असलेल्या आपल्या विहिरींचं पाणी तपासून निकाल गावापुढे ठेवणारी संस्था आम्ही सात जण काढतोय. मी प्रयोगशाळेत पाणीच तपासते, म्हणून सचिवपद माझ्याकडे आलं. अध्यक्षपदासाठी तुमच्या मित्राचं, मी ज्यांना काका म्हणते त्यांचं, नाव आहे. परवा त्यांनी साखळीच्या बाजारातून आणलेली इतिवृत्ताची नवी वही माझ्या हातात दिली. पहिल्या दहा पानांच्या तळाशी सहा सह्या तयार होत्या. वर काहीच नव्हतं; ते मी मागाहून लिहायचं, असं काकांचं म्हणणं. “मजकूर तू बरय मागीर. सगळीं घरचींच मां, बाय?” मी विचारलं, कुणाचा विरोध असला तर? “विरोध? तुझ्या बापायच्या वेळार कोणे केलो? वाचनालयाचो दर एक ठराव सर्वानुमते!”

काकांचे दोन ट्रक खनिज वाहतात. एखाद्या विहिरीचा निकाल वाईट आला, तर तो दडपायला एक कोरं पान पुरे. तुमच्या अंत्ययात्रेत हा माणूस रडला होता, हे मला ठाऊक आहे. तरी मला संशय येतो.

मग मी कपाटातून, तुम्ही वाचनालयाचे सचिव होतात तेव्हाची तुमची जुनी इतिवृत्ताची वही काढली. त्यातला एक ठराव असा, की वाचनालयामागची जागा विहिरीसकट ट्रक उभे करायला द्यावी. सर्वानुमते. खाली तुमची वळणदार सही. तारीख मी दोनदा वाचली. तो माझ्या प्रवेश परीक्षेचा दिवस. तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत पणजीत, केंद्राच्या फाटकाशी उभे आहात. दुपारच्या सुट्टीत मी बाहेर येते, तर माझ्यासाठी घेतलेला उंडो पाव गरम राहावा म्हणून तुम्ही तो शर्टाखाली पोटाशी धरलाय. त्या दिवशी तुम्ही कुठल्याच सभेत नव्हता.

काल पहिली सभा झाली. ती दहा पानं मी सगळ्यांसमोर रेघा मारून रद्द केली आणि दोन नियम मांडले. इतिवृत्त मोठ्याने वाचल्यावरच सही करायची. ज्याचा स्वतःचा संबंध असेल, त्याने त्या विषयापुरतं बाहेर जायचं. “म्हणजे मी सगळो वेळ व्हरांड्यार! कदेल व्हरूं बसपाक?” काका म्हणाले. “न्या की खुर्ची, नाहीतरी आत ती रिकामीच राहील,” मी म्हटलं. सगळे हसले, काका सोडून. मग आमच्या सात जणांतल्या शाळेच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “कोऱ्या पानावर सही केल्याने आपल्या गावात कधी काही बिघडलंय?” तुमची वही माझ्या पिशवीत होती. मी म्हटलं, “माझ्या माहितीत नाही.”

नियम पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाले. बाईंचा प्रश्न आणि माझं उत्तर इतिवृत्तात आलं. मी ते मोठ्याने वाचलं, आणि खाली पहिली सही मीच केली.