खव्याच्या भट्टीचा धूर आणि ग्राफिक्स कार्ड

८ नोव्हेंबर
वहिनीला बार्शीला दाखवून आणलं. दादा गावातच थांबला, दूध काही कुणासाठी थांबत नाही. डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, कागदावरची रेघ बघितली, मग विचारलं, "घरात कोण विडी ओढतं का?" वहिनी हसली. मी सांगितलं, खव्याची भट्टी आहे, लग्न होऊन आली तेव्हापासून कढईपाशी उभी असते. "मग तेच. धूर पूर्ण बंद. नाहीतर हे वाढतच जाणार."

एसटीनं परत निघालो. भूम जवळ आल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, ह्यांना समदं सांगू नका."

सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं.

दादा तिथंच म्हणाला, भट्टी मोडू, दूध डेअरीला घालू. वहिनी भडकली. "आन् म्या काय करू दिवसभर? भिंतीकडं बघत बसू?" तिचा खवा भूमचे पेढेवाले नाव घेऊन मागतात. ते तिचं आहे. दादाचं नाही, कुणाचंच नाही.

मधेच मी बोलून गेले, की तोंडावर धूर न येणारी भट्टी मी काढून देते. दादा म्हणाला, "धुराडं उंच केलं की म्या गेल्या साली. पडला का काय फरक?"

नाही पडला. पण आता बोलून बसलेय.

१० नोव्हेंबर, धाराशिव
भट्टीची सगळी मापं घेऊन आले. लाकूड घालायचं तोंड, आतली पोकळी, कढईची बैठक, धुराडं. संगणकात उभी केली. आता आतल्या जागेचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातली गरम हवा कुठं जाते ते क्षणाक्षणाला मोजत जायचं. एम.टेक.ला हेच केलं होतं, पण तेव्हा पाइपमधलं पाणी होतं. पाणी सरळ वागतं. धूर नाही.

महादेव मिस्त्री महिनाअखेरीला मोकळा आहे. नंतर त्याला दुसऱ्या गावाला मोठं काम लागलंय, उन्हाळ्यापर्यंत यायचा नाही. तोवर वहिनी काय करणार? उभी राहणार कढईपाशी. मला माहीत आहे.

१२ नोव्हेंबर
एक आकार, एक उत्तर, आणि त्याला आठवडा लागणार असं दिसतंय. मिस्त्री येईपर्यंत दोन आकार तपासून होतील, फार तर. आणि मला तपासायचेत निदान वीस. तोंड केवढं, धुराडं कुठं, कढईखाली जागा किती...

दुपारी लाइट गेली. परवापासून चाललेलं सगळं गेलं.

१३ नोव्हेंबर
नसीम डबा खायला आली. आमच्या कॉलेजची संगणक लॅब तिच्याकडं असते. आमची ओळख डब्यापासूनची. रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं शुभा, माझ्या लॅबमध्ये ते नवीन मशीन झाकून ठेवलंय की. एआयच्या कोर्ससाठी आणलेलं. कोर्सला मास्तर मिळंना. मोठं ग्राफिक्स कार्ड आहे त्यात, इन्व्हर्टर पण आहे."

माझ्या कसं डोक्यात आलं नाही! आपला नेहमीचा प्रोसेसर हुशार, पण हात मोजके. ग्राफिक्स कार्डाला हजारो हात. प्रत्येक हात साधंच काम करतो, पण सगळे एकदम. आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक चौकोनाला फक्त शेजारच्या चौकोनांचं बघायचं असतं. म्हणजे त्यासाठीच केल्यासारखं.

प्रोग्रॅम मात्र नव्यानं लिहावा लागेल.

१४ नोव्हें.
विभागप्रमुख सरांकडं गेले. "कॉलेजच्या मशीनवर घरची भट्टी?" असं म्हणाले. मी म्हटलं, सर, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला हाच प्रोग्रॅम वापरू देईन. जरा विचार केला. "जळालं-बिळालं तर तुमची जबाबदारी." नसीम मागून म्हणाली, "सर, आमची दोघींची."

१८ नोव्हें.
लिहून झालं. कार्डवर चाललं पण!

पण वेग? माझ्या जुन्या संगणकापेक्षा जेमतेम बरा. दिवसभर तोंड पाडून बसले. मग कळलं काय होतंय ते. प्रत्येक पावलाला सगळे आकडे कार्डवरून संगणकात आणतेय आणि परत कार्डवर पाठवतेय. काम पटकन होतंय, येण्याजाण्यात वेळ जातोय. आकडे तिथंच राहू द्यायचे, शेवटी एकदाच आणायचे. उद्या.

१९ नोव्हें.
सकाळी लवकर कॉलेजात येऊन तेवढं दुरुस्त केलं आणि लावलं. पहिला तास घेऊन आले तर झालेलं!! आठवड्याचं काम. खोटं वाटलं. नसीमला मिठीच मारली, तिचा चहा माझ्या ओढणीवर. तिथंच उभ्यानं दादाला फोन केला. तो म्हणाला, "मग मिस्त्रीला या म्हणून सांगू का?" सांग म्हटलं.

दुपारी सहज तेच परत लावलं. उत्तर वेगळं.

तिसऱ्यांदा लावलं. आणखी वेगळं. एकदा धूर धुराड्यातून वर, एकदा सरळ तोंडातून बाहेर. भट्टी तीच, आग तीच.

२१ नोव्हें.
अजून सापडेना. दोन दिवस ओळन् ओळ वाचतेय. दादाचा फोन: "मिस्त्री इटा किती लागतील इचारतोय." मागं वहिनीचा खोकला. थांबायचं नावच घेत नव्हता. फोन ठेवल्यावर वाटलं, चुकीच्या उत्तरावर भट्टी बांधली तर हिला जुन्यापेक्षा जास्त धूर खायला घालायची मी.

नको. न जुळणारं उत्तर घेऊन जायचं नाही. मिस्त्री गेला तर गेला.

२२ नोव्हेंबर
सापडलं. सापडलं, बाई.

नसीमला समजावून सांगत होते, प्रत्येक चौकोन शेजाऱ्याचा आकडा वाचतो आणि स्वतःचा बदलतो. ती म्हणाली, "आणि वाचायच्या आधीच शेजाऱ्यानं बदलला तर?"

मी प्रोग्रॅम परत उघडला.

जुन्या संगणकावर सगळं ओळीनं होतं, म्हणून कधी बिघडलं नाही. इथं हजारो हात एकदम. कोण आधी वाचतो, कोण आधी बदलतो, काही नेम नाही. म्हणून दरवेळी वेगळं. उपाय एवढाच, की आकड्यांच्या दोन प्रती ठेवायच्या. जुनीतून फक्त वाचायचं, नवीत फक्त लिहायचं, पाऊल संपलं की अदलाबदल.

संध्याकाळच्या आत तीनदा चालवलं. तिन्ही वेळा तेच.

"शुक्र है," नसीम म्हणाली आणि लॅबला कुलूप लावायला उठली. बस स्टँडपर्यंत चालत गेलो दोघी. भजी खाल्ली. किती दिवसांनी चव लागली.

२४ नोव्हें.
जुन्या संगणकावर १७ तारखेला नव्यानं लावलेलं एक उत्तर आज पुरं झालं (तो बिचारा कोपऱ्यात चालूच होता). कार्डचं उत्तर त्यावर ठेवून बघितलं. रेघेवर रेघ. आता भरवसा.

आणि मग आकारांमागून आकार. दादाचं उंच धुराडं का फुकट गेलं ते दिसलं: तोंड इतकं मोठं, की धूर वर खेचायला ओढ लागतच नाही. शिवाय आत धूर वळतो तिथं भोवरा होतो आणि तोच तोंडाकडं परत येतो. तोंड लहान करायचं, वळणावर विटांची उतरती ओठी (ओठासारखी पुढं आलेली कड) काढायची, धुराडं होतं तेवढंच. पडद्यावर धूर निमूट वर जातो. बघत बसावंसं वाटतं.

२६ नोव्हेंबर, गाव
जुनी भट्टी सकाळी पाडली. दूध आज शेजारच्या भट्टीवर. मिस्त्रीनं मातीत भुसा घालून तुडवली, पहिला थर लावला. मी तोंडाच्या मापावर विटा मांडून दिल्या.

वहिनी पदर खोचून आली, बाभळीचं एक लाकूड उचललं आणि मांडलेल्या विटांमध्ये घालून दाखवलं. अडकलं.

"ताई, एवढ्या बारक्या तोंडात म्या काय काड्या घालू?"

दादा म्हणाला, लाकूड फोडून बारीक करू. वहिनी म्हणाली, "कोण फोडणार? तुमी? रोज?" दादानं लाकूड ओढून काढलं.

तिचं बरोबर. मी लाकडाचा विचारच केला नव्हता. तोंड वाढवायचं तर ओढ कमी होणार. किती कमी, अंदाजानं सांगायची माझी तयारी नव्हती. मिस्त्री चुना-तंबाखू काढून बसला. "मॅडम, माती वाळाय लागली. काय ते सांगा."

नसीमला फोन लावला. आज तिची सुट्टी, तरी गेली लॅबला. फोनवरूनच सांगत गेले: तोंड एवढं रुंद, ओठी एवढी खाली, आणि एक ओठी आणखी लांब करून बघ. वहिनीनं सगळ्यांना जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. मी फोन ताटाशेजारीच ठेवला.

मिस्त्री हात धूत होता तेव्हा फोन आला. "शुभा, रुंद तोंड चालतंय. लांब ओठीवालं. चित्र पाठवते, तू तुझ्या डोळ्यानं बघ."

बघितलं. चाललंय. जुन्या संगणकावर हेच विचारलं असतं तर उत्तर पुढच्या आठवड्यात आलं असतं आणि मिस्त्री दुसऱ्या गावात.

दादा फोनच्या पडद्यावर वाकून बघत होता. "ह्ये निळं म्हंजी?"
"थंड हवा. आत जातेय."
"आन् तांबडं?"
"धूर. वर चाललाय."
"मंग बांधा की," मिस्त्रीला म्हणाला.

४ डिसेंबर, गाव
आज पेटवली. वहिनीनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दादानं लाकडं रचली. मी दाराशी उभी. पुढं व्हायचा धीर होईना.

आधी थोडा धूर बाहेर आला. मग धुराडं तापलं, आतून घुर्र असा आवाज सुरू झाला आणि तोंडातला धूर आत ओढल्यासारखा फिरला. गेला. छपरावर बघितलं तर धुराड्यातून सरळ वर.

दादानं कढई चढवली, दूध ओतलं. वहिनी उलथनं घेऊन उभी राहिली. सवयीनं मान एका बाजूला वळवून, डोळे बारीक करून. जरा वेळानं मान सरळ केली. मग डोळे उघडले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, कढई दिसतीया की वो."

मी बाहेर येऊन गोठ्यामागं जाऊन रडून घेतलं. बरं वाटलं.

ओलं लाकूड घातलं की मात्र थोडा धूर येतोच. मोठा ओंडका सारताना पण. दादाला सांगितलंय, वाळलेलंच घालायचं. हो म्हणाला. बघू.

१० डिसें.
नसीमला अर्धा किलो खवा दिला. तिच्या अम्मीनं गुलाबजामून केले, डबाभर आले परत. गावातल्या आणखी दोन भट्टीवाल्यांनी दादाकडं विचारणा केली. त्यांच्या शेडची तोंडं पश्चिमेला, वारं सरळ आत. आमची भट्टी तिथं चालेलच असं नाही. परत मोजावं लागेल. सरांना विचारलं, तर म्हणाले मुलांनाच प्रोजेक्ट म्हणून द्या. दोन मुली तयार आहेत.

२२ डिसेंबर
बार्शी. परत नळी, परत फुंकणं. डॉक्टरांनी दोन्ही रेघा शेजारी धरल्या. "वाढलेलं नाही," म्हणाले. मी विचारलं, कमी झालंय का? "इतक्यात सांगता येत नाही. फुप्फुसाला वेळ लागतो. महिन्यानं या." भट्टी बंद केली नाही, नवी बांधली, हे खरं ते सांगितलं, फोनमधले फोटो दाखवले. बघितले. "उभं राहू द्या, पण दिवसातून थोडा वेळ. आणि मी हो म्हटलं असं धरू नका."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. वहिनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले. खरखर आहे अजून, पण बारीक. का मलाच तसं ऐकू यायचंय?

भूमला उतरल्यावर तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "उद्या दूध जास्त येणार हाय, ताई. लवकर पेटवाय लागंल."

"दादा पेटवील," मी म्हटलं.

"त्यांना कुठं जमतंय," म्हणाली, आणि माझ्या पुढं चालायला लागली. मला गाठायला भरभर चालावं लागलं.