मानवी वापरासाठी नाही

३ मार्च, सोमवार
वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आज पुन्हा नोकरीवर रुजू झालो. मन प्रसन्न आहे. ही प्रयोगशाळा मानवी पेशींची वाढ घडवून आणणारे एक प्रथिन तयार करते. जिवाणूंकडून ते बनवून घेतात, शुद्ध करतात आणि त्याची पांढरी भुकटी इवल्या कुप्यांत भरून अन्य प्रयोगशाळांना पाठवतात. सोबतची माहितीपत्रके व कुप्यांवरच्या चिठ्ठ्या तपासणे हे माझे काम. पहिल्याच पानावर सतरा चुका काढल्या. प्रमुख बाई हसून म्हणाल्या, की आजोबा, आता आमचे जिवाणूसुद्धा तुमच्या धाकाने रांगेत वाढतील.

६ मार्च, गुरुवार
डॉक्टरांनी पाय पाहिला. मधुमेहामुळे तळव्याला संवेदना उरलेली नाही. चार महिने अंगठ्याची जखम चिघळते आहे, तरी वेदना अशी नाहीच. सोमवारी अंगठा कापायचा, असे त्यांनी नखे कापावीत इतक्या सहजपणे सांगितले. ही, म्हणजे माझी पत्नी, रोज जखम धुऊन पट्टी बांधते. म्हणाली, की अंगठा गेला तर जाऊ द्या, जीभ शाबूत आहे ना, मग संसार चालेल! हसली, आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

७ मार्च, शुक्रवार
मुदत संपलेल्या कुप्या नष्ट करण्यासाठी बाजूला काढल्या होत्या. एक खिशात घातली. तिच्यावरचे वाक्य मीच तीनदा तपासले आहे: ‘केवळ संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.’ निर्दोष आहे. जन्मभर वाक्ये मी अशीच वाचत आलो. त्यांतले सांगणे नेहमी दुसऱ्या कुणाला उद्देशून असे. उकळून गार केलेल्या पाण्यात भुकटी विरघळवली आणि ड्रॉपरने जखमेत सोडली. हिला नवे औषध म्हणून सांगितले.

९ मार्च, रविवार
जखम भरली. वर तान्ह्या बाळाच्या गालासारखी कातडी. उद्याची शस्त्रक्रिया रद्द केली. हिने पाय मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडली.

११ मार्च, मंगळवार
अंगठा शेजारच्या बोटाला जुळला आहे. मधली फट बुजली. दुखत नाही. पेशींची वाढ थांबवतात कशी, असे प्रमुख बाईंना आडून विचारले. त्या म्हणाल्या, की जागा संपली, की पेशी आपणहून थांबतात. मी बरे म्हणालो.

१२ मार्च
पाचही बोटे एक. नखे आत गेली. पायाला हात लावू नकोस, असे हिला बजावले. चाळीस वर्षांत कधी ऐकले आहे?

१३ मार्च
पाय धुताना हिने घोटा धरला. तळहात सुटत नाही. ओढला— तिलाही दुखत नाही.

१४ मार्च
तिचे कोपर दिसत नाही. ही म्हणते, की आता फिरायला एकटे जाल कसे? नंतर हसली नाही. डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर आले. मी म्हणालो, की मांडीपासून पाय घ्या, पण तिला सोडवा. कुठून कापायचे ते पाहण्यासाठी त्यांनी टाचणी घेतली. माझ्या मांडीला टोचली, ही कळवळली. मग तिच्या गालाला टोचली. ही गप्प. आणि मी—