महत्त्वाच्या मेलची घंटा

नारायणगुडा, हैदराबाद
सोमवार

प्रिय तारामती,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना तुझ्या उमाजीदादाचे आशीर्वाद. गुडघ्याचं कसं आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम गच्चीवर पापड घालायला जातेस, म्हणून विचारणं सोडलं होतं, तरी विचारतो. इकडे पद्मावती बरी आहे, मीही बरा आहे (म्हणजे आज सकाळपर्यंत होतो). हातात फोन असताना दादा कागदावर का लिहितो, असं तुला वाटेल. फोनशी माझं बोलणं बंद आहे, म्हणून.

त्याचं असं झालं. मेल आला तरी माझा फोन गप्प बसायचा. आपण होऊन उघडावं तेव्हा आत ढीग साचलेला. मला मेल पडल्याबरोबर घंटा वाजायला हवी होती, पेन्शन कार्यालयाच्या मेलसाठी. (विक्रमच्या नव्हे. तो कॅनडाला निघाला तेव्हा दारातच मी त्याला ‘गेलास की बाप मेला समज’ म्हणालो होतो. तेव्हापासून पोरगा रविवारी फोन करतो तो आईला. मला अधूनमधून मेल लिहितो: बर्फ पडला, तब्येत जपा, बीपीची गोळी विसरू नका. यात उत्तर देण्यासारखं काय असतं, तूच सांग.)

वरच्या मजल्यावरचा किशोर, बँकेतून रिटायर झालेला, तुला आठवत असेल. तो चहाला आला आणि माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरला. सूचना चालू, आवाज चालू, बॅटरी वाचवणं बंद. आवाज मी देवळातल्या घंटेचा निवडला. “आता मेल आला रे आला की वाजतंय बघा,” म्हणाला. वाजलं. बनियनच्या सवलतीला वाजलं, परदेशी सहलीला वाजलं, केस गळतीच्या तेलाला तर रोज वाजलं (ज्याच्या डोक्याला कंगवा लागून युगं लोटली त्या माणसाला!). दर वेळी पद्मावती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत यायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि परत जायची. तिलाही पेन्शनचीच काळजी.

मग जामबागला एकनाथरावांच्या तेराव्याला गेलो. फोटोसमोर सुशीलाबाई बसलेल्या, कुणाच्या तोंडून शब्द नाही, आणि माझ्या खिशात घंटा झाली. आरती सुरू झाली समजून अर्ध्या लोकांनी हात जोडले, काहीजण तर उभेच राहिले. फोन काढला तर शेरवानीचा सेल. सुशीलाबाईंनी डोळे पुसत मलाच विचारलं, “विक्रमचा मेल का हो, भाऊजी? जा ना, बाहेर जाऊन निवांत वाचा.” बाहेर गेलो, चपलांच्या ढिगापाशी उभा राहून शेरवानी वाचली आणि परत येऊन बसलो.

घरी येऊन किशोरवर ओरडलो. “हौ, हौ, चिडू नक्को,” म्हणत त्यानं ‘फक्त महत्त्वाचे’ असा पर्याय दाबला. महत्त्वाचं काय ते ॲप आपलं आपण ठरवतं म्हणे. घरात शांतता झाली. लाइट बिल आलं की तेवढं वाजायचं.

आज सकाळी ते बिलच शोधत होतो, तर खाली विक्रमचं नाव दिसलं. मेल गुरुवारचा: ऑफिसच्या कामानं भारतात आलोय, शनिवारी दुपारी नामपल्ली स्टेशनवर असेन. आईला सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला सांगतोय. तुम्ही न्यायला आलात तर घरी येतो. नाही आलात तर पुढची गाडी पकडतो, राग नाही.

शनिवारी दुपारी मी जेवून, फोन उशाशी ठेवून झोपलो होतो गं. आमच्या घरापासून नामपल्ली ते केवढंसं. ऑटोत बसून पाय लांब करेपर्यंत येतं.

किशोरला खाली बोलावलं. त्यानं फोन खालीवर करून पाहिला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, आपण ज्यांना उत्तरं लिहितो त्यांनाच हे ॲप महत्त्वाचं समजतं. बिलवाल्यांशी तुम्ही दर महिन्याला भांडता. विक्रमला एकदाबी लिहिलेलं दिसत नाही.”

मी म्हणालो, फोन बिघडलाय.

पद्मावती भिंतीला टेकून उभी होती. “बिघडला कुठं?” म्हणाली. “बरोबर चाललाय.” आणि तिनं विक्रमला फोन लावला. यांनी मेल आत्ता पाहिला रे, एवढं सांगून फोन माझ्यापुढे धरला. मी चष्मा काढून पुसत बसलो (हल्ली इथली हवा फार वाईट). तो तिकडून हॅलो, हॅलो करत राहिला. मग म्हणाला, “राहू दे, आई.”

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, लेकरांना पापा.

तुझा दादा,
उमाजी

ता. क. विक्रम उदगीरला तुझ्याकडेच उतरलाय, हे पद्मावतीकडून कळलं. तू मला कळवलं नाहीस, त्याबद्दल रागवायचं नंतर बघू. बुधवारी निघणार म्हणे. त्याला थांबव. धपाटे कर, पाहुणे बोलाव, खोटं बोल, काहीही कर.

आणखी एक. फोन बिघडला होता असं त्याला सांगशील असं मनात होतं. नको सांगूस.

शेवटचं. टपालानं पत्र वेळेत पोचायचं नाही, म्हणून उद्याच्या गाडीनं मीच ते घेऊन निघतोय. दार तू उघडलंस तर तुझ्या हाती देईन. त्यानं उघडलं तर त्याच्या. मराठी वाचायला त्याला फार वेळ लागतो. तेवढ्यात मी चपला काढून आत येईन.